एकाच शब्दाची आई

हेमावतीच्या घरात गेली तीन वर्षं प्रत्येक गोष्ट विचारून होत असे. "आई, पंखा बंद करू?" "सरी." "आई, आज लवकर जेवून घ्यायचं?" "सरी." ठीक आहे, चालेल, अशा अर्थाचा हा कानडी शब्द बंगळुरात भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतो. तिच्या आईच्या, भागीरथीबाईंच्या तोंडी मात्र आता तेवढा एकच शब्द उरला होता.

पक्षाघाताच्या झटक्यात त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. डॉक्टरांनी तेव्हाच समजावून सांगितलं होतं, की त्यांना बहुतेक सगळं कळतं, पण शब्द सापडत नाहीत. कधीकधी एखादा शब्द जिभेवर राहून जातो आणि दरवेळी तोच बाहेर पडतो. त्यामुळे दुखलं तरी सरी, भूक लागली तरी सरी, राग आला तरी सरी. हेमावतीला हे पक्कं ठाऊक होतं. पण उठल्यापासून झोपेपर्यंत कानावर होकारच पडत असेल, तर माणूस किती दिवस त्याला होकार न मानता राहील?

घराणं रंगाऱ्यांचं. पणजोबांच्या आधीपासून बंगळुरात. घरात बोलायचं मराठी, त्यात निम्मं कानडी. वडील गुंडूराव मल्लेश्वरममध्ये साड्या रंगवून द्यायचे. ते गेल्यावर हेमावतीनं त्याच पुढच्या खोलीत फॉल-पिको आणि ब्लाउज शिवण्याचं काम सुरू केलं. लग्न जमता जमता राहून गेलं आणि नंतर तिनंच तो विषय बंद केला. धाकटा भाऊ अजित शिकून कंपनीत लागला, त्यानं पुण्याच्या शाल्मलीशी लग्न केलं आणि दोघं महादेवपुराला ऑफिसच्या जवळ राहायला गेली. आई हेमावतीकडेच राहिली. तसं कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणाला वेगळं काही सुचलंही नव्हतं.

भागीरथीबाई मूळच्या निपाणीच्या. बोलायला लागल्या की समोरच्याला उसंत नसे आणि बोलत नसत तेव्हा गात असत. दळणकांडणाच्या ओव्या, रंगाच्या हंड्यावर वाफ घेत रचलेल्या स्वतःच्या ओव्या. पिको करायला साडी घेऊन आलेल्या बायका मशीनपाशी थांबून ऐकायच्या. हेमावती पाय मशीनवर ठेवून दुसऱ्या आवाजानं साथ करायची. आई दवाखान्यातून घरी आली त्या दिवसापासून मात्र हेमावतीनं गाणं तोंडातून काढलं नाही. रेडिओ कपाटावर गेला. जिची वाचा गेली तिच्यासमोर गायचं म्हणजे उपाशी माणसासमोर पान वाढून घेण्यासारखं, असं तिला वाटलं. यात आपण आईचा मान राखतोय, अशीच तिची समजूत होती.

शाल्मलीनं तिकीट काढलं ते तिला न विचारता.

"ताई, रविवारी दुपारी इंदिरानगरला एक छोटा कॉन्सर्ट आहे. हीलिंग टाइप. एका जुन्या बंगल्याच्या हॉलमध्ये, माइकबिइक काही नाही. फक्त तीसेक लोक. लोकगीतं आहेत, तुम्हाला खूप रिलेट होईल. तुम्ही जायचंच. आईंपाशी अजित बसेल."

"अगं, अजितला तिचं काही जमायचं नाही."

"मग जमू दे ना. तुम्ही तीन वर्षांत सिनेमालासुद्धा गेला नाहीत. तुम्हाला ब्रेक नको का?"

हेमावतीला ब्रेक हवा होता. इतका हवा होता, की तो हवाय असं मनाशी कबूल करायचीसुद्धा तिला भीती वाटे. रविवारी अजित आला, तिनं त्याला औषधं दाखवली, पाण्याचं भांडं कसं धरायचं ते दाखवलं, दोनदा सगळं सांगितलं. मग साडी बदलून ती आईच्या खाटेपाशी उभी राहिली.

"आई, जरा गिऱ्हाइकाकडे जाऊन येते. ब्लाउजची मापं घ्यायचीत. जाऊ?"

"सरी," भागीरथीबाई म्हणाल्या.

मेट्रोत बसल्यावर तिला वाटलं, आपण खोटं का बोललो? खरं सांगितलं असतं तरी उत्तर तेच आलं असतं. मॅजेस्टिकला गाडी बदलताना तिनं परत जायचा विचार केला. पण जिना उतरणाऱ्या गर्दीनं तिला दुसऱ्या फलाटावर नेऊन सोडलं आणि ती इंदिरानगरच्या गाडीत चढली.

बंगल्याच्या दारात एक वेताची टोपली होती आणि तिच्यात सगळ्यांनी आपापले फोन ठेवायचे होते. हेमावती घुटमळली. "घरी आजारी माणूस आहे," ती म्हणाली. दारातली मुलगी हसून म्हणाली, "आंटी, स्वल्प वेळ. दोन तास फक्त स्वतःसाठी." मागे माणसं खोळंबली होती. हेमावतीनं फोन टोपलीत ठेवला.

आत सतरंज्यांवर माणसं बसली होती. बहुतेक तरुण, सुती कपड्यातली, काही आधीच डोळे मिटून बसलेली. समोर चंपाक्का नावाची पन्नाशीची बाई एकतारी मांडीवर घेऊन बसली होती आणि शेजारी योगीराज नावाचा तिचा साथीदार डफ घेऊन. ती संकेश्वरकडची. थोडं कानडीत, थोडं मराठीत बोलत होती, आणि पुढे बसलेली एक मुलगी ते बाकीच्यांना इंग्रजीत सांगत होती.

"ज्या माणसाशी बोलायचं राहून गेलं, त्याला डोळ्यापुढं आणा," चंपाक्का म्हणाली. "गाणं त्याच्यासाठी ऐका."

हेमावतीनं डोळे मिटले नाहीत. तिला ते सगळं जरा जास्तच वाटलं. घरी आईला औषध द्यायची वेळ झाली असेल, अजितला बाटली सापडली असेल ना, हेच तिच्या डोक्यात चाललं होतं. दोन कानडी गाणी झाली. मग चंपाक्कानं एकतारी खाली ठेवली आणि नुसत्या आवाजात जात्यावरची चाल उचलली. हेमावतीची पाठ ताठ झाली. आईचीच चाल होती, शेवटच्या अक्षरावर तसंच थोडं रेंगाळणं होतं.

"कुणाच्या आईची, आजीची ओवी आठवत असंल तर म्हणा," चंपाक्का म्हणाली. "चाल मी धरते."

एकमेकांकडे बघून माणसं ओशाळं हसली. चंपाक्का नुसती गुणगुणत राहिली. आणि भिंतीला टेकून बसलेल्या हेमावतीला आपलाच आवाज ऐकू आला.

निळीच्या गं हंड्यामंदी, बुडविलं लुगडं
माहेराच्या आठवाचं, सुटंना बिरडं

आवाज सुरुवातीला फाटका निघाला. तीन वर्षं न वापरलेला. चंपाक्कानं मान हलवून 'पुढं' अशी खूण केली. हेमावतीनं दुसरी ओवी म्हटली, मग तिसरी. मग आईनं तिच्यावरच रचलेली:

लेक माझी हेमा गं, उन्हामंदी राबते
तिच्यासाठी ढगाला मी, थांब थांब सांगते

योगीराजनं डफावर नुसती बोटं टेकवत ठेका दिला. हेमावतीला छातीत मोकळं मोकळं वाटत होतं. आपण काय गातोय याच्याकडेही तिचं लक्ष राहिलं नव्हतं. गाणं सुखानं घशातून येत होतं आणि ती त्याला येऊ देत होती.

संपल्यावर शेजारचे एक म्हातारे गृहस्थ तिच्याकडे वळले. "कुणी शिकवलं तुम्हाला, अक्का?"

"आईनं."

"अजून गातात का त्या?"

"हो," हेमावती म्हणाली. "गाते ना."

शब्द तोंडातून गेले होते. ती असं का बोलली हे तिला कळेना. कदाचित 'नाही' म्हटलं असतं तर त्या भल्या माणसानं हळहळ व्यक्त केली असती आणि ते सुख तिथंच मोडलं असतं. आणि आता तिच्या ध्यानात आलं, की गाताना तिला आईची आठवणच नव्हती. आईच्याच ओव्या म्हणत असताना आई, खाट, औषध, सगळं पार पुसलं गेलं होतं. कार्यक्रम पुढे चालू होता. ती उठली, टोपलीतून फोन घेतला. फोनवर अजितचं काहीच नव्हतं. तरी ती रिक्षा करून घाईनं मेट्रोकडे गेली.

घरी अजित खुर्चीत बसून क्रिकेट बघत होता.

"अक्का, काही त्रास नाही. आई एकदम शांत. मी दर थोड्या वेळानं विचारत होतो, सगळं ठीक आहे ना? ती सरी म्हणायची."

हेमावती खाटेजवळ गेली. चादर ओली होती. कडेनं वाळायलाही लागली होती, म्हणजे बराच वेळ झाला होता. भागीरथीबाई छताकडे बघत होत्या. जेवण झाकलेलं तसंच होतं. अजितचा चेहरा पडला. "मला खरंच कळलं नाही, अक्का." त्याच्यावर रागवायला हेमावतीला तोंड नव्हतं. तिनं त्याला बाहेर जायला सांगितलं, गरम पाणी आणलं आणि आईचं अंग पुसायला घेतलं.

पाठ पुसता पुसता ती म्हणाली, "आई, मी मापं घ्यायला गेले नव्हते. गाणं ऐकायला गेले होते. खोटं बोलले मी."

"सरी."

"तू इथं ओल्यात पडलेलीस आणि मी तिथं गात बसले होते. आपली निळीची ओवी गायले." आणि कोणती ते सांगावं म्हणून, की रडू आवरावं म्हणून, तिनं हलक्या आवाजात चाल धरली. शब्द नव्हते, नुसती चाल.

हाताखालची पाठ स्थिर झाली. मग खोलीत दुसरा आवाज आला, घोगरा, अर्ध्या तोंडातून निघणारा.

"निळीच्या गं… हंड्यामंदी… बुडविलं लुगडं…"

हेमावतीच्या हातातला पंचा खाली पडला. चाल तुटली तशा भागीरथीबाईही थांबल्या. त्यांनी डाव्या हातानं हेमावतीचं मनगट धरून हलवलं. तिनं परत चाल धरली आणि आईनं पुढची ओळ पुरी केली, बिरड्याच्या गाठीपर्यंत.

अजित दारात येऊन उभा होता. "अक्का, आई बोलली." तो बोलता बोलता फोन काढून शाल्मलीला लावायला लागला. हेमावतीनं आईला कोरडे कपडे घातले, पांघरूण घातलं आणि ओली चादर घेऊन ती मागच्या मोरीत गेली. नळ मोठा सोडून ती चादर चोळत राहिली. आनंदाची गोष्ट होती, पण तिला आनंद होत नव्हता. ही ओवी तीन वर्षं त्या खाटेवर पडून होती. कुणी नुसती चाल धरायचा अवकाश होता. ते करण्यासारखं माणूस घरात एकच होतं आणि त्यानं मान राखायच्या नावाखाली तोंड बंद ठेवलं होतं.

पूर्वी थोडे दिवस वाचा-उपचारासाठी कुणी कुणी येत असे. चित्रांचे पत्ते दाखवून काही साधलं नाही आणि ते बंद पडलं होतं. आता शाल्मलीनं शोधून सुधींद्र नावाच्या एका तरुणाला घरी आणलं. त्यानं भागीरथीबाईंना गायला लावलं, ऐकलं, आणि सांगितलं की असं होतं. बोलणं मेंदूच्या ज्या भागातून येतं तिथं इजा झालीय, पण गाण्याची वाट काही प्रमाणात वेगळी असते. त्या वाटेनं थोडे शब्द काढता येतील. फार आशा ठेवू नका, पण थोडे येतील.

"आजारानंतर घरात कधी गाणं झालं नव्हतं का?" त्यानं सहज विचारलं.

"नाही," हेमावती म्हणाली. "मीच बंद केलं होतं."

"उशीर झाला असं मनात आणू नका, अक्का," तो म्हणाला. त्यातला 'उशीर' तेवढा तिला ऐकू आला.

त्यानं शिकवल्याप्रमाणे हेमावती रोज सकाळी आईचा डावा हात हातात घेऊन त्यावर ठेका धरायची आणि ओवीच्या चालीत साधे शब्द घालायची. पाणी दे. ऊन आलं. बस झालं. भागीरथीबाई चिडायच्या, दमायच्या, परत 'सरी'वर यायच्या. पण काही आठवड्यांनी एक शब्द सुटला. नाचणीची पातळ गंजी घेऊन हेमावती नेहमीसारखी खाटेशी बसली आणि तिनं विचारलं, "देऊ ना, आई?"

भागीरथीबाईंनी डोळे मिटले, बोटानं खाटेच्या कडेवर ठेका धरला आणि चालीत म्हटलं, "नको गं… नको नको."

शाल्मली तेव्हा तिथंच होती. ती हसली. भागीरथीबाईही हसल्या, अर्ध्या तोंडानं. हेमावती वाटी हातात धरून बसून राहिली. तीन वर्षं ती ही गंजी रोज सकाळी विचारून भरवत आली होती.

त्या दिवसापासून हेमावतीनं जुन्या गोष्टी पुन्हा विचारायला घेतल्या. खाट खिडकीपासून काढून भिंतीला लावली होती, वारा बाधेल म्हणून. ती तिथं हवी का? "नको नको." अजितनं आणि तिनं मिळून खाट परत खिडकीशी सरकवली. केस कापले होते, विंचरायला सोपं पडावं म्हणून. ते तसेच ठेवू का? "नको." दुपारी टीव्ही लावून ठेवू? "नको." प्रत्येक नकारानं भागीरथीबाईंच्या चेहऱ्यावर तेज येई आणि हेमावतीला आणखी खाली गेल्यासारखं वाटे. अजित एकदा म्हणाला, "अक्का, सोड ना आता. तू वाईट म्हणून काही केलं नाहीस." ती म्हणाली, "तेच तर. मला सोयीचं तेच मी विचारत होते."

एक गोष्ट मात्र विचारायचं धाडस तिला होत नव्हतं. गेल्या वर्षी निपाणीहून मावशीचा निरोप आला होता. मावशी अंथरुणाला खिळली होती आणि धाकट्या बहिणीला एकदा बघायचं म्हणत होती. एवढा लांबचा प्रवास, आईचा असा जीव, आणि खरं सांगायचं तर हेमावतीच्याही अंगात त्राण नव्हतं. तिनं विचारलं होतं, "आई, मावशीला फोनवरच बघू या ना? प्रवास झेपायचा नाही तुला." "सरी," आई म्हणाली होती. फोनवर दोघी बहिणी एकमेकींकडे बघत राहिल्या. मावशी बोलत होती आणि आई सरी सरी म्हणत होती. पुढच्या पंधरवड्यात मावशी गेली.

शेवटी एका दुपारी गिऱ्हाईक नसताना हेमावतीनं मशीन बंद केली आणि आईजवळ जाऊन बसली. हात हातात घेतला. "आई, मावशीकडे जायचं होतं का गं तुला?"

भागीरथीबाईंनी ठेका धरला नाही. त्या लेकीकडे बघत राहिल्या, मग खिडकीबाहेर बघू लागल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊन उशीवर उतरलं. हेमावतीनं ते पुसलं नाही. हात लावायचा आपल्याला हक्क आहे असं तिला वाटेना. त्यानंतर कितीतरी दिवस भागीरथीबाई गायल्या नाहीत. हेमावती चाल धरायची आणि त्या तोंड फिरवायच्या. मनवायचे सगळे उपाय थकले तेव्हा तिनं अजितला फोन केला.

"गाडी काढ. निपाणीला जायचंय."

"आता? मावशी तर—"

"ठाऊक आहे मला. तरी जायचंय."

जाताना त्यांनी हुबळीला मुक्काम केला. वाटेत भागीरथीबाईंना दोनदा उलटी झाली. प्रवास झेपणार नाही हे हेमावतीचं म्हणणं काही अगदी खोटं नव्हतं, पण तिला त्यानं बरं वाटलं नाही.

मावशीची सून भाग्यलक्ष्मी दारात आली आणि भागीरथीबाईंना बघून रडायलाच लागली. मावशीची खाट अजून त्याच खोलीत होती, वर घड्या घातलेल्या गोधड्या ठेवलेल्या. भागीरथीबाईंनी डाव्या हातानं त्या बाजूला करायला खुणावलं आणि हेमावतीनं त्यांना खाटेच्या कडेवर बसवलं. बराच वेळ त्या नुसत्या खाटेवरच्या कांबळ्यावरून हात फिरवत होत्या. मग त्यांनी स्वतःच चाल धरली. निळीच्या हंड्याची पहिली ओळ म्हटली आणि थांबल्या.

"दोघी अशाच गायच्या," भाग्यलक्ष्मी हळूच हेमावतीला म्हणाली. "पहिली ओळ यांची, दुसरी आमच्या सासूबाईंची."

भागीरथीबाई थांबून होत्या. हेमावतीला दुसरी ओळ येत होती, घशापर्यंत आली होती. पण ती दाराच्या चौकटीशी उभी राहिली आणि गायली नाही. ती जागा तिची नव्हती. थोड्या वेळानं भागीरथीबाईंनी पुन्हा पहिलीच ओळ म्हटली, पुन्हा तेवढंच थांबल्या. असं त्यांनी कितीतरी वेळा केलं.

शेवटी त्यांनी लेकीकडे हात केला. हेमावती पुढे झाली आणि आईला उठवून उभं केलं. बाहेर अजितनं गाडीचं दार उघडून ठेवलं होतं. परतीच्या वाटेवर धारवाडजवळ एका ठिकाणी ते चहाला थांबले, आणि भागीरथीबाईंनी बोटानं खिडकीच्या काचेवर ठेका धरून चालीत दुसरा कप मागितला.